वऱ्हाडातील शेळी-मेंढीचे मांसोत्पादन व त्यातील नासाडी : मोर्शी तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१. विषयाचे स्वरूप

शेतमाल व पशुजन्य पदार्थ यांची उत्पादनानंतर किती नासाडी होते याची देशव्यापी मोजणी लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने केली असून तिचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांसाची नासाडी २.७१ टक्के आणि कोंबडीच्या मांसाची ६.७४ टक्के दाखविली आहे. पहिला आकडा वाचून शेळी-मेंढीच्या मांसाच्या बाबतीत काळजीचे कारण फारसे नाही, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु हा आकडा कोठून मोजावयास प्रारंभ करतो हे पाहिले म्हणजे त्याची मर्यादा ध्यानात येते. काढणीनंतरच्या हानीचा तो आकडा आहे. आणि मांसाच्या बाबतीत 'काढणी' म्हणजे जनावर कापणे. जे करडू आठव्या दिवशी वाड्यातच मेले, जी मेंढी बाजाराच्या वाटेवर कोसळली, जो बोकड पुरता वाढण्याआधीच पैशाच्या निकडीपायी विकला गेला, त्यांचा हिशेब या आकड्यात येत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, वऱ्हाडात शेळी-मेंढीच्या मांसाची खरी हानी खाटकाच्या ठोकळ्यावर फारशी कधीच झाली नाही. ती वाड्यात, चराईच्या रानात आणि बाजाराच्या वाटेवर झाली. मात्र कायदे, योजना व आकडेवारी यांचे लक्ष गेल्या शतकभरात मुख्यतः ठोकळ्याकडेच राहिले. हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. विवेचनाच्या सोयीसाठी हानीचे तीन प्रकार मानले आहेत : जनावर अकाली मरण्याने होणारी, वाढ अपुरी राहिल्याने होणारी आणि कापल्यानंतर मांस, कातडे, रक्त इत्यादी वाया जाण्याने होणारी.

२. प्रदेश आणि पशुपालक

मोर्शी तालुका अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य भागात वर्धा नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. उत्तरेस सालबर्डीजवळ सातपुड्याचे पायथे, दक्षिणेकडे कापसाची काळी जमीन आणि गेल्या काही पिढ्यांत वाढलेल्या संत्र्याच्या बागा, असे त्याचे स्थूल रूप आहे. महानुभाव पंथाचे रिद्धपूर हे क्षेत्र याच तालुक्यात येते. म्हणजे अहिंसेची एक जुनी परंपरा आणि बकऱ्या-मेंढरांवर पोट भरणाऱ्या लोकांची वस्ती या दोन्ही गोष्टी येथे शतकानुशतके शेजारी नांदत आल्या आहेत.

रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात धनगरांची संख्या मध्य प्रांत व वऱ्हाड मिळून सुमारे ९६,००० दिली असून, ते वऱ्हाडच्या सर्व जिल्ह्यांत आढळतात असे म्हटले आहे. त्यांच्या पोटभेदांत वऱ्हाडे, कानडे व झाडे ही नावे येतात. त्याच ग्रंथात मांसविक्री करणाऱ्या खाटीक समाजाची संख्या १९११ च्या शिरगणतीनुसार सुमारे १३,००० आहे आणि नागरी वस्ती अधिक असलेल्या ज्या जिल्ह्यांत ते विशेषेकरून राहतात त्यांत अमरावतीची गणना केली आहे. या दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. मेंढरे राखणारे पुष्कळ आणि मांस विकणारे थोडे, शिवाय तेही शहरांभोवती. म्हणजे खेड्यातील मेंढपाळाच्या दृष्टीने मांस हे नित्याचे उत्पन्न नव्हते. मेंढीपासून त्याला प्रथम लोकर व घोंगडी मिळे. पऱ्हाटी निघाल्यावर शेतात मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य मिळे. कोकरे विकून अडीअडचण भागे. मांस हे या साखळीचे शेवटचे टोक होते.

शेळीची गोष्ट थोडी निराळी. ती कोणा एका जातीची नव्हती. भूमिहीन मजूर, विधवा स्त्री, अल्पभूधारक कुणबी अशा कोणाच्याही दारात दोन-चार बकऱ्या बांधलेल्या असत. वऱ्हाडातील या तांबूस वर्णाच्या स्थानिक शेळीची 'बेरारी' या नावाने स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत नोंद झाली ती अगदी अलीकडे, एकविसाव्या शतकात. ज्या जनावरावर इतकी घरे अवलंबून होती, त्याला नाव मिळावयास एवढा काळ लागला, यावरूनच शासनदरबारी त्याचे स्थान कोणते होते याची कल्पना यावी.

३. गावातील वाटपाची पद्धत

गावात बोकड कापावयाचा तो गिऱ्हाईक ठरल्यावरच. चार-आठ घरे एकत्र येऊन जनावर घेत, त्याचे हिस्से टाकीत आणि ऊन चढण्यापूर्वी मांस घरोघर पोचते होई. मागणी आधी आणि कापणे नंतर, असा हा क्रम असल्याने न खपलेले मांस ही वस्तूच अस्तित्वात नव्हती. बर्फ नव्हते, शीतगृह नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती. मुंडी, पाया, काळीज, वजडी यांना स्वतंत्र गिऱ्हाईक असे. काही समाजांत रक्तीही शिजविली जाई. शेजारच्या नागपूरची प्रसिद्ध सावजी पाकपद्धती मुंडी, खूर व वजडी यांना जे मानाचे स्थान देते, ते या काटकसरीचेच दुसरे नाव होय.

येथे जगाच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण ताडून पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत मेंढ्या लोकरीसाठी लाखोंनी पाळल्या जात. परंतु मांस खाणारी तोंडे तेथे थोडी होती. म्हणून जादा मेंढ्या कढईत उकळून त्यांची चरबी तेवढी काढून घेत आणि मांस बव्हंशी फुकट जाई. १८८२ साली 'डनेडिन' हे जहाज सुमारे पाच हजार गोठविलेली धडे घेऊन न्यूझीलंडहून लंडनला पोचले, तेव्हा ही स्थिती पालटली. शीतकरणाने तेथे जी नासाडी थांबविली ती कापल्यानंतरची होती, कारण तेथील मुख्य हानी त्याच टप्प्यावर होती. वऱ्हाडची हानी निराळ्या टप्प्यावर असताना तोच उपाय येथे तितकाच गुणकारी ठरेल असे मानणे म्हणजे रोग न पाहता औषध देण्यासारखे आहे.

तथापि जुन्या पद्धतीचे गुणगान करताना तिच्या दोन बाजू विसरून चालणार नाही. पहिली अशी की, कापण्याची वेळ जनावराच्या वाढीवरून ठरत नसे, पंचांगावरून ठरत असे. पोळ्याची कर, धुळवड, नवसाची कंदुरी या दिवशी मागणी एकदम उसळे. श्रावणात ती ओसरे. चार महिने थांबल्यास दीडपट भरले असते असे जनावर सणापायी आजच जाई. शिवाय नवसाचा बोकड अनेकदा कर्ज काढून घेतलेला असे. याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी या प्रथेवर आयुष्यभर प्रहार केला. मुलीच्या बारशाला मद्यमांसाचे जेवण घालण्याची रूढी त्यांनी मोडली आणि १९५६ साली देह ठेवीपर्यंत कीर्तनांतून ते देवापुढील पशुहत्या व त्यापायी होणारे कर्ज यांविरुद्ध बोलत राहिले. त्यांची भूमिका भूतदयेची होती. परंतु गरिबाच्या घरातील एकमेव चालते धन एका दिवसात संपते, हा आर्थिक विचारही तीत होता.

दुसरी बाजू अधिक कठोर आहे. गावात काही वाया जात नसे याचे एक कारण असे की, मेलेले जनावर ओढणे, कातडे सोलणे व कमावणे ही कामे जन्माने ठरलेल्या माणसांवर लादलेली होती. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून द्या असा उपदेश केला, तेव्हा त्यांनी या व्यवस्थेच्या मुळावरच घाव घातला. त्यांच्या त्या उपदेशाचा रोख मुख्यतः गुराढोरांच्या बाबतीत होता. मात्र माणसाच्या अप्रतिष्ठेवर उभारलेली काटकसर टिकाऊ नसते, हा त्याचा निष्कर्ष शेळी-मेंढीच्या कातड्यालाही तितकाच लागू पडतो.

४. कापूस, चराई आणि अपुरी वाढ

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव चढविले आणि १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. पडीत जमीन नांगराखाली येऊ लागली. लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील आपल्या १९९७ च्या ग्रंथात या प्रक्रियेचा परामर्श घेतला असून, कापसाच्या विस्ताराने गायराने व त्यांवर जगणारी जनावरे कशी आकसली हे दाखविले आहे. त्यांचा भर गुराढोरांवर आहे. शेळी-मेंढीच्या बाबतीत परिणाम अधिक गुंतागुंतीचा झाला. बैलाला शेतकरी कडबा, कुटार, सरकीची ढेप देई, कारण त्याच्यावाचून शेती अडे. बकरीला मात्र उरलेसुरले खावे लागे.

त्यातच १८८६ च्या वऱ्हाड वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा कडक झाल्या. कोवळे धुमारे खाणारी शेळी ही वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने जंगलाची वैरीण होती. गावाच्या चराईसाठी ज्या जमिनी राहिल्या, त्यांना वऱ्हाडात आजही 'ई क्लास' म्हणतात. त्यांच्यावर अतिक्रमण, गावठाणाची वाढ व सार्वजनिक इमारती यांचा भार पडत गेला. मोर्शी तालुक्यात यात दोन गोष्टींची भर पडली. संत्र्याच्या बागांना कुंपणे आली, आणि सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाने काही जमीन पाण्याखाली घेऊन उरलेल्या पुष्कळ जमिनीला बारमाही ओलीत दिले. ओलिताखालील शेत पीक निघाल्यावर मोकळे राहत नाही. म्हणून मेंढरे बसविण्याचा अवधीही आखडला. शेतीची भरभराट आणि कळपाची उपासमार या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे येथे स्पष्टपणे नोंदले पाहिजे.

१८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत हानीचे तिन्ही प्रकार एकवटले. चाऱ्याअभावी जनावरे मेली. जी उरली ती हाडांवर आलेली असताना मिळेल त्या भावाने गेली. आणि मांस कवडीमोल झाले तरी कातड्यांची निर्यात मात्र दुष्काळाच्या वर्षी वाढली. निर्यातीच्या तक्त्यात जे उत्पन्न म्हणून दिसते, ते गावच्या वाड्यातील मरण असू शकते, हा या काळाचा इतिहासाच्या अभ्यासकाला मोठा धडा आहे.

५. कायद्याची दृष्टी

कत्तलखान्यांविषयीचे कायदे क्रमाने पाहिले असता त्यांचे हेतू बदलत गेलेले दिसतात. परंतु नासाडी टाळणे हा हेतू त्यांत कधीच अग्रस्थानी नव्हता. १९२२ च्या मध्य प्रांत नगरपालिका कायद्याचा आणि १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याचा या बाबतीतील रोख सार्वजनिक आरोग्य व उपद्रवनिवारण हा होता : कापण्याची जागा वस्तीपासून दूर असावी, दुर्गंधी होऊ नये. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने भूतदयेचा हेतू आणला. त्याखाली १९७८ साली जनावरांच्या वाहतुकीचे व २००१ साली कत्तलखान्यांचे नियम झाले. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्राहकाच्या आरोग्याकडे दृष्टी वळविली. १९७१ साली मुंबईत देवनारचा विशाल कत्तलखाना सुरू झाला. परंतु मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावाला त्या प्रमाणाचे अनुकरण करणे शक्य नव्हते व आवश्यकही नव्हते.

यांपैकी वाहतुकीचे नियम हे वस्तुतः हानी कमी करणारे आहेत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. कोंबून भरलेली, तहानलेली मेंढी प्रवासात वजन गमावते. पाय अडकून किंवा ढकलाढकलीने जेथे मार बसतो तेथे रक्त साकळते व तो भाग कापून टाकावा लागतो. दमलेल्या जनावराच्या स्नायूंतील साखर आधीच खर्च झालेली असल्याने कापल्यानंतर मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही. असे मांस गडद दिसते आणि लवकर बिघडते. म्हणजे दयेचा नियम हाच येथे काटकसरीचा नियम ठरतो.

६. कातडे, रक्त आणि टाकाऊ अवयव

कापल्यानंतरच्या हानीत सर्वांत मोठा वाटा कातड्याचा आहे. शेळीचे कातडे मूठ घालून सोडविले तर अखंड निघते. घाईत सुरी चालविली तर त्याला चिरा पडतात आणि भाव उतरतो. सोलल्यावर काही तासांतच त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास मीठ चोळले नाही तर उन्हाळ्यात ते सडू लागते. हे ज्ञान अवघड नाही. परंतु चांगल्या कातड्याचा जादा भाव सोलणाऱ्याच्या हातात पडत नसेल तर ते वापरण्याचे त्याला कारण उरत नाही. १९१९ साली कच्च्या कातड्यांच्या निर्यातीवर १५ टक्के कर बसविण्यात आला. पुढे १९२९-३० मध्ये चौकशी समितीही नेमली गेली. या साऱ्यात व्यापारी व कारखानदार यांचे हितसंबंध ऐकू येतात, सोलणाऱ्याचा आवाज क्वचित.

तो आवाज ऐकण्याचा एक प्रयत्न वऱ्हाडच्या शेजारीच झाला. १९३४ साली वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्यालगतच्या नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. मृत जनावराचे कातडे, हाडे, मांस व चरबी यांचा पूर्ण उपयोग करावा आणि हे काम जातीचे न राहता शिकण्याजोगा उद्योग व्हावे, असा त्यामागील विचार होता. मृत गुरांपुरता मर्यादित असला तरी हा प्रयोग महत्त्वाचा आहे. कारण नासाडी टाळण्याचा प्रश्न आणि श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न त्याने एकत्र मांडला.

रक्त व टाकाऊ अवयव यांचा संबंध तर थेट कळपाच्या आरोग्याशी पोचतो. रोगट यकृत वा फुप्फुस उघड्यावर टाकले की कुत्री ते खातात. त्यातील फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी चराईच्या गवतावर पडतात आणि दुसऱ्या मेंढीच्या शरीरात पाणथळ गाठी तयार होतात. अशाच एका कृमीची गाठ मेंदूत झाली म्हणजे मेंढी एकाच ठिकाणी गोल फिरत राहते आणि अखेर मरते. फेकलेले मुंडके पुढच्या वर्षीच्या कोकराला मारते. कापल्यानंतरची नासाडी व कळपातील मृत्यू हे दोन स्वतंत्र हिशेब नव्हेत, याचा हा ढळढळीत पुरावा होय. पहिल्या गाठी माणसालाही होतात, हे वेगळे सांगावयास नको.

७. रोग आणि मृत्यू

पशुवैद्यकाच्या आधुनिक संस्थांचा आरंभ १८८९ साली पुण्यात स्थापन झालेल्या व १८९३ साली मुक्तेश्वरला हलविलेल्या शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेपासून होतो. तिचा प्रारंभीचा भर घोडे व गुरे यांच्या रोगांवर, विशेषतः बुळकांडीवर होता. विदर्भापुरते पाहता नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ साली, अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली, राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ साली आणि नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली अस्तित्वात आले. अमरावतीजवळ पोहरा येथे महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. शेळी-मेंढीला संस्थात्मक स्थान मिळाले ते असे उशिरा.

दरम्यान १९८७ साली तमिळनाडूतील आरासूर येथे मेंढ्यांमध्ये पीपीआर हा बुळकांडीसदृश रोग भारतात प्रथम ओळखला गेला आणि पुढे तो देशभर पसरला. त्यावरील देशी लस एकदा टोचली असता काही वर्षे पुरते. २०१५ साली जागतिक संघटनांनी २०३० पर्यंत त्याचे निर्मूलन करण्याचे ध्येय जाहीर केले. बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे घोषित झाले असल्याने हे ध्येय अशक्य कोटीतील नाही. आंत्रविषार, देवी व जंत यांवरील उपायही परिचित आहेत. अडचण ज्ञानाची नसून वेळेवर पोचण्याची आहे. बैल आजारी पडला तर शेतकरी डॉक्टर गाठतो. करडू मेले तर ते नशिबावर सोडले जाते.

८. हिशेबाचा एक नमुना

वरील विवेचन आकड्यांत मांडून पाहू. पुढील आकडे प्रत्यक्ष पाहणीचे नसून केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एका गावातील १० शेळ्यांना १५ करडे झाली. ती सर्व जगली आणि प्रत्येकी २० किलो वजनाची होऊन विकली गेली, तर ४५ टक्के उतारा धरून १३५ किलो मांस मिळावे. परंतु ३ करडे मेली, तर २७ किलो मांस गेले. उरलेली १२ करडे २० किलोऐवजी १५ किलोची असतानाच विकली, तर आणखी २७ किलो गेले. प्रत्यक्षात मिळाले ८१ किलो. या ८१ किलोंवर २.७१ टक्के नासाडी धरली तर ती सुमारे २.२ किलो होते. म्हणजे ५४ किलोंची हानी आकडेवारीबाहेर राहते आणि २.२ किलोंची तेवढी अहवालात येते.

येथे असा आक्षेप घेता येईल की, लवकर विकणे ही हानी नव्हे, तो मालकाचा निर्णय आहे. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. बाजारात बोकड नगावर विकला जातो. व्यापारी पाठीवर हात फिरवून अंदाज घेतो आणि काटा क्वचित लागतो. मग जादा पाच किलो वाढविल्याचा मोबदला मिळेल याची मालकाला खात्री नसते, आणि वाट पाहावी तर रोगाची भीती असते. अशा स्थितीत लवकर विकणे हे त्याच्यापुरते शहाणपणच होय. समाजाची हानी व व्यक्तीचे शहाणपण यांतील हा विरोध वजनकाटा, लस आणि चारा यांनीच मिटू शकतो, उपदेशाने नव्हे.

९. समारोप

२०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या सुमारे ८४ लाख होत्या. २०१९ मध्ये त्या १ कोटी ६ लाखांवर गेल्या. मेंढ्या सुमारे २७ लाख आहेत. संख्या वाढते आहे आणि चराई घटते आहे. म्हणून प्रत्येक जनावरामागे वाया काय जाते हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे. वऱ्हाडचा इतिहास असे सांगतो की, नासाडीची व्याख्या ज्या टप्प्यापासून केली जाते, त्याच टप्प्यावर पैसा खर्च होतो. ती कापण्यापासून केली तर शीतगृहे व कत्तलखाने उभे राहतात. जन्मापासून केली तर लस, चाऱ्यासाठी राखलेली ई क्लास जमीन आणि बाजारातील काटा यांना प्राधान्य मिळते. पहिल्या खर्चाचा लाभ प्रथम शहरातील व्यापाऱ्याला होतो, दुसऱ्याचा मोर्शीच्या एखाद्या वाडीतील चार बकऱ्यांच्या धनिणीला.

अहिंसेच्या परंपरेला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. मांस खावे की खाऊ नये याविषयी मतभेद राहतील. परंतु जन्मलेले करडू निष्कारण मरू नये, नेले जाणारे जनावर तहानेने तळमळू नये आणि कापलेल्याचा कोणताही अंश कुजत पडू नये, याविषयी रिद्धपूरचा उपासक व मोर्शीचा खाटीक यांच्यात दुमत होण्याचा संभव नाही. या विषयाच्या पुढील अभ्यासाला कोंडवाड्यांची व बाजारफीची नगरपालिका दप्तरे, ई क्लास जमिनींच्या नोंदी आणि वृद्ध मेंढपाळ व खाटीक यांच्या मुलाखती ही साधने उपयोगी पडतील. त्यांतून वाड्यातील मृत्यूची तालुकावार मोजणी करणे हे पहिले कार्य होय. कारण ज्या हानीची नोंदच होत नाही, ती टाळण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.